आबादींतील सांदवाडी व तिचें स्वामित्व

मूल तालुक्यांत, आणि सामान्यतः साऱ्या जुन्या चांदा प्रांतांत, घराच्या मागल्या अंगास बांबूच्या कुंपणानें वेढलेली थोडी मोकळी जागा असते. तीस इकडे सांदवाडी म्हणतात. तींत तणसीचा ढीग, गुरांचा गोठा, एखादी विहीर, चिंचेचें किंवा शेवग्याचें झाड आणि पावसाळ्यांत थोडा भाजीपाला, अशी व्यवस्था असते. घर कोणाचें हें गांवांत विचारावें लागत नाहीं; सांदवाडी कोणाची हेंहि पिढ्यानुपिढ्या कोणी विचारलेलें नसतें. परंतु वांटणी, विक्री, कर्ज किंवा सरकारी मोजणी यांपैकीं एखादा प्रसंग आला म्हणजे प्रश्न उभा राहतो कीं, ह्या जागेचा कागद कोठें आहे? सातबाऱ्यावर ती सांपडत नाहीं, कारण ती शेत नव्हे. नोंदलेलें खरेदीखत निघत नाहीं, कारण ती बहुधा कोणी विकत घेतलेलीच नसते. मग शेजारी, ग्रामपंचायत, वनखातें किंवा सरकार यांपैकीं कोणी तरी तीवर बोट ठेवतो, आणि ज्याच्या पणज्यानें तेथें विहीर खणली त्यासच आपल्या जागेंत परका ठरण्याची पाळी येते.

ह्या प्रश्नाचें उत्तर जितकें कायद्याच्या ग्रंथांत आहे तितकेंच जुन्या दप्तरांत आहे. शिवाय तीं दप्तरें आज पुष्कळ अंशीं आपणा संग्राहकांच्याच हातीं येत आहेत. म्हणून तो येथें क्रमानें मांडणें अप्रस्तुत होणार नाहीं.

१. नोंद कां नाहीं?

मराठी अमदानींतील कागदांत गांवाचे दोन भाग मानलेले आढळतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जागा. राज्याचा वसूल काळीवर असल्यामुळें तिचा हिशेब काटेकोर राहिला. पांढरीचा निवाडा मात्र पाटील, शेजारी आणि गोत यांच्या स्मृतीवर सोपविलेला असे. चांद्याचें गोंड राज्य १७५१ त नागपूरकर भोसल्यांकडे गेलें, तरी ह्या स्थितींत मोठा पालट झाला नाहीं.

खरा पालट इंग्रजी अमलांत झाला. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरांत वारले, १८५४ त नागपूरचें राज्य खालसा झालें आणि १८६१ त मध्यप्रांत निर्माण झाला. पश्चिम महाराष्ट्रांत रयतवारी पद्धतीनें सरकार व शेतकरी यांचा सरळ संबंध जोडला गेला होता. मध्यप्रांतांत तसें न करतां, जे पाटील वा मक्तेदार गांवचा वसूल देत आले त्यांसच गांवाचे मालक ठरविण्यांत आलें. हेच मालगुजार होत. चांदा जिल्ह्याच्या ह्या बंदोबस्ताचा मेजर ल्यूसी स्मिथ यांचा १८६९ चा अहवाल अभ्यासकांस परिचित आहेच. जिल्ह्याच्या पूर्वभागांत अहेरीसारख्या जमीनदाऱ्या राहिल्या.

ह्या व्यवस्थेचा परिणाम आपल्या प्रश्नावर थेट झाला. गांव मालगुजाराचें म्हणजे त्यांतील पडीत, झुडपें, तलाव आणि आबादी, म्हणजे वस्तीची जागाहि, त्याचीच. आजहि आपल्याकडे तलावांस ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि लोकांच्या तोंडीं त्याचें आखूड रूप ‘मामा तलाव’ म्हणतात. तें ह्याच मालकीचें अवशिष्ट चिन्ह होय. बंदोबस्ताच्या मोजणींत शेतांस खसऱ्याचे क्रमांक पडले, परंतु आबादी सामान्यतः एकाच क्रमांकांत मावली. नकाशावर तिच्या कडेपर्यंत येऊन क्रमांक थांबतात आणि आंत घरोघरच्या हद्दी नाहींत. घरमालकाचा हक्क रूढीनें चाले. ती रूढि प्रत्येक गांवच्या वाजिब-उल्-अर्ज ह्या कागदांत लिहून ठेवीत. गांवांत जमीन कसणारास व गांवाच्या कारूंस घरापुरती जागा मिळावी, हें तत्त्व मध्यप्रांताच्या महसुली व्यवस्थेंत मान्य होतें. म्हणजे सांदवाडीस नोंद नसणें हा कोणाचा निष्काळजीपणा नव्हे. त्या काळीं तशी नोंद करण्याची पद्धतच नव्हती. ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली नाहीं तर ‘कागद नाहीं म्हणून हक्क नाहीं’ ह्या चुकीच्या निष्कर्षावर माणूस येतो.

२. १९५१ चा संधिकाल

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा मध्यप्रदेशाच्या विधिमंडळानें १९५० त केला. तो १९५१ चा पहिला कायदा म्हणून प्रसिद्ध झाला. त्या वेळीं मूल, चांदा, गडचिरोली हा सर्व प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशांत होता, हें तरुण वाचकांनीं विसरूं नये; नाहीं तर चांद्याच्या जागेस मध्यप्रदेशचा कायदा कसा लागतो असा भ्रम होतो. ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारांचे व जमीनदारांचे स्वामित्व-हक्क राज्याकडे गेले. ह्या कायद्याविरुद्ध जे दावे सर्वोच्च न्यायालयापुढें गेले, त्यांत अहेरीच्या जमीनदारांचाहि होता. १९५२ त न्यायालयानें कायदा सामान्यतः वैध ठरविला.

ह्या कायद्यानें पडीत, जंगल, तलाव व आबादी राज्याकडे नेली, परंतु पांचव्या कलमानें कांहीं गोष्टी वगळल्या. गांवठाणाच्या हद्दींतील इमारती, देवस्थानें, मोल देऊन घेतलेल्या मोकळ्या घरजागा, आणि शेतीच्या वा घरगुती उपयोगाचीं जीं मोकळीं आवारें १९४८-४९ च्या लगत पूर्वींचीं बारा वर्षें सतत ताब्यांत होतीं, तीं आवारें, त्यांतील विहिरी आणि झाडें यांसह, ज्याचीं होतीं किंवा ज्याच्याकडे होतीं त्याच्याकडेच राहावीं, आणि खालची जमीन व तिला संलग्न जागा राज्यानें त्याच्या नांवें ठरवून द्यावी, असा त्या कलमाचा आशय आहे.

हें कलम आपल्या सांदवाडीसाठींच लिहिलें आहे असें वाटावें, इतकें तें तिच्याशीं जुळतें. बारा वर्षांचा हिशेब केला तर १९३६-३७ पासून १९४७-४८ पर्यंतचा काल येतो. त्या बारा वर्षांत आवार कुंपणाचें होतें, घरगुती उपयोगाचें होतें आणि अमुक घराण्याच्या ताब्यांत होतें, एवढें सिद्ध झालें तर त्या घराण्याचा हक्क १९५१ च्या उलथापालथींतून सुरक्षित बाहेर पडतो. येथें एक मर्म सांगितलें पाहिजे. ह्या कलमांत ताबा मालगुजाराच्या विरुद्ध असावा अशी अट घातलेली नाहीं. तो सतत असावा एवढेंच म्हटलें आहे. म्हणून ‘मालगुजारांच्या परवानगीनें वाडी केली’ असा जुना कागद निघाला तर घाबरण्याचें कारण नाहीं. उलट तो फार उपयोगी पडतो.

३. स्मृतिकारांची दृष्टि

हा विचार आपल्या परंपरेस नवा नाहीं. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत मानुष प्रमाणें तीन सांगितलीं : लिखित, भुक्ति आणि साक्षी, हीं नसतील तरच दिव्याकडे वळावें. भुक्ति म्हणजे उपभोग, आजच्या भाषेंत कब्जा. स्वामी पाहत असून बोलत नसेल, आणि दुसरा भूमि भोगीत असेल, तर वीस वर्षांनीं स्वाम्याची हानि होते, असें तो सांगतो. जंगम धनास दहा वर्षें. परंतु विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत ह्या हानीचा अर्थ संकुचित केला : हानि होते ती फलाची, भूमीच्या स्वत्वाची नव्हे. केवळ काल लोटल्यानें परक्याची वस्तु आपली होते, हें त्याच्या न्यायबुद्धीस पटलें नाहीं. भुक्तीच्या पाठीशीं आगम, म्हणजे मिळकतीचें मूळ कारण, असावें असा शास्त्रकारांचा कल आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, वीस वर्षांच्या नियमास जे अपवाद सांगितले आहेत त्यांत गहाण, ठेव, बालकाचें धन, राजाचें धन यांबरोबर सीमा हीहि आहे. शेजाऱ्याचें कुंपण हातभर सरकलें व कोणी बोललें नाहीं, एवढ्यानें सीमा बदलत नाहीं. सीमेसाठीं स्वतंत्र प्रमाणें दिलीं आहेत. मनूनें वड, पिंपळ, पळस, सावर इत्यादि वृक्ष सीमेवर लावावे असें सांगितलें, आणि प्रकट चिन्हें नष्ट होतात म्हणून दगड, हाडें, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे अशीं न कुजणारीं वा ओळखूं येणारीं द्रव्यें जमिनींत पुरावीं असेंहि म्हटलें. चिन्हें नसतील तर शेजारच्या गांवकऱ्यांनीं लाल माळा व लाल वस्त्रें घालून, डोक्यावर माती घेऊन सीमा चालून दाखवावी. आपल्या मराठी महजरांत दिसणारी शिवेची चाल ह्याच संस्काराची पुढली पायरी आहे.

आजच्या कायद्यानें वेगळा मार्ग धरला आहे, पण प्रश्न तेच आहेत. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यान्वये खाजगी मालकाविरुद्ध बारा वर्षें आणि सरकारविरुद्ध तीस वर्षें प्रतिकूल कब्जा राहिल्यास मूळ मालकाचा दावा बुडतो. १९०८ च्या कायद्यांत सरकारविरुद्धची मुदत साठ वर्षांची होती. असा कब्जेदार स्वतः वादी होऊन हक्क मागूं शकतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ त ठरविलें. परंतु कब्जा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्कास विरोधी असला पाहिजे. परवानगीचा कब्जा शंभर वर्षें चालला तरी प्रतिकूल होत नाहीं. म्हणजे मालगुजाराच्या परवानगीचा वर सांगितलेला कागद १९५१ च्या कलमाखालीं हक्क सिद्ध करतो, आणि प्रतिकूल कब्जाच्या वादांत तोच कागद हक्क पाडतो. कोणत्या मार्गानें जावयाचें हें आधीं ठरवूनच कागद पुढें करावा; दोन्ही वाद एकत्र गुंफणाराचें दोन्ही बाजूंनीं नुकसान होतें.

४. कोणता कागद काय सिद्ध करतो?

पहिला वर्ग बंदोबस्ताच्या कागदांचा : मिसल, खसरा, गांवनकाशा, वाजिब-उल्-अर्ज, आणि मालगुजारी गेल्यानंतर तयार झालेलें १९५४-५५ चें अधिकार अभिलेख. यांच्या प्रमाणित नकला मिळतात. जागा आबादीच्या आंत कीं बाहेर, हा पहिला प्रश्न नकाशाच सोडवितो. बाहेर असेल तर वरील सारी चर्चा बदलते, कारण तेथें खसऱ्याचा क्रमांक व त्याचा धारक असतोच.

कागद शोधतांना तहसिलींचा इतिहास माहीत असावा. मूल हें चांदा जिल्ह्याच्या आरंभींच्या तीन तहसिलींपैकीं एक ठाणें होतें. दुसरीं दोन वरोरा व ब्रह्मपुरी. १८९५ त मूलचें ठाणें चांद्यास गेलें. १९०५ त चांदा व ब्रह्मपुरी तहसिलींतील जमीनदारी मुलुख काढून गडचिरोली तहसील झाली. पुढें मूल पुन्हां तालुक्याचें ठिकाण झालें, आणि १९८२ त गडचिरोली जिल्हाच निराळा झाला. म्हणून एकाच गांवचे कागद काळपरत्वें निरनिराळ्या मथळ्यांखालीं सांपडतात. एका कचेरींत ‘नाहीं’ असें उत्तर आलें म्हणजे कागद नाहींच असें समजूं नये.

दुसरा वर्ग खाजगी लेखांचा. येथें एक प्रचलित गैरसमज दूर केला पाहिजे. नोंदणी नसलेलें प्रत्येक जुनें विक्रीपत्र निरुपयोगी, असें लोक समजतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यान्वये शंभर रुपयांहून कमी किमतीची मूर्त स्थावर मिळकत ताबा देऊनहि विकतां येते. नोंदलेला लेखच हवा असें नाहीं. आजच्या किमतीस हा नियम हास्यास्पद दिसतो, परंतु चाळीस-पन्नास रुपयांस घरजागा मिळत त्या काळच्या व्यवहारास तो जिवंत आहे. शंभर व त्यावरील किमतीच्या विक्रीस मात्र नोंदणी आवश्यक. तीविना लेखावरून स्वामित्व सिद्ध होत नाहीं. तरीहि ताबा कोणत्या स्वरूपाचा होता, अशा आनुषंगिक गोष्टीपुरता तो लेख पाहतां येतो.

तिसरा वर्ग भुक्तीच्या पुराव्याचा : मालगुजाराच्या हातच्या पावत्या व चिठ्ठ्या, जनपद सभेच्या व ग्रामपंचायतीच्या काळच्या घरपट्टीच्या पावत्या, विहिरीच्या बांधकामाचा खर्च दाखविणाऱ्या वह्या, वांटणीपत्रें, देवघरांतील लग्नकार्याच्या याद्या. वांटणीपत्रांतील ‘मागील वाडी चिंचेच्या झाडासुद्धां’ असें एखादें वाक्य बारा वर्षांच्या पुराव्यांत मोलाचें ठरतें. ग्रामपंचायतीच्या नमुना आठ ह्या कर-आकारणीच्या नोंदवहीविषयीं मात्र सावध असावें. ती नोंद कर कोणी द्यावा हें सांगते. मालक कोण हें ठरवीत नाहीं. तलाठ्याकडील आठ-अ चा उतारा तर सर्वस्वीं निराळा आहे. महसुली नोंद खरी मानावी अशी अनुमति १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत आहे, पण ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. नोंद हक्क निर्माण करीत नाहीं, असें न्यायालयांनीं वारंवार सांगितलें आहे.

५. आबादीबाहेरची सावली

चांदा-गडचिरोलीच्या वनप्रदेशांत आणखी एक अडचण आहे. कित्येक घरांची वाडी आबादीची कड ओलांडून गेलेली असते, व पलीकडचा क्रमांक ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिलेला असतो. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशा जमिनी आहेत. ह्या जमिनी १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुरूप वनच समजाव्या, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २२ मे २०२५ रोजीं दिला. त्या तारखेपूर्वीं सक्षम अधिकाऱ्यानें दिलेल्या जमिनींसाठीं राज्यानें केंद्राची मान्यता घेण्याची वाट मोकळी ठेवली. तेव्हां अशा तुकड्यावर केवळ जुन्या कुंपणाच्या बळावर हक्क सांगणें धोक्याचें आहे. तेथें दिलेल्या जागेचा आदेश कोणाचा व कोणत्या तारखेचा, हेंच निर्णायक. वनांत राहणाऱ्या आदिवासींस व इतर पारंपरिक वननिवासींस २००६ च्या वनहक्क कायद्याचा स्वतंत्र मार्ग आहे. त्यांतील ताब्याची तारीख १३ डिसेंबर २००५ ही असून, आदिवासी नसलेल्यांस तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. शहरी भागांत ‘नझूल’ असा शेरा असेल तर जागा सरकारची धरून पुढची चौकशी करावी लागते.

६. हक्क कोठें सांगावा?

जी जमीन दुसऱ्या कोणाची नाहीं ती राज्याची, हें संहितेच्या विसाव्या कलमाचें सूत्र आहे. पण सरकार व खाजगी व्यक्ति यांत वाद आला तर जिल्हाधिकाऱ्यानें नोटीस देऊन रीतसर चौकशी करावी, असें त्याच कलमांत आहे. निकाल विरुद्ध गेल्यास दिवाणी दावा एका वर्षांत लावावा लागतो. हें वर्ष गेलें कीं उत्तम पुरावाहि व्यर्थ. शेजाऱ्याशीं वाद असेल तर दिवाणी न्यायालय हेंच स्थान.

गांवठाणांतील घरजागांची मोजणी करण्याचा अधिकार संहितेच्या १२६ व्या कलमानें दिला आहे. अशी मोजणी झालेल्या ठिकाणीं जागेची आखीव पत्रिका निघते. पश्चिम महाराष्ट्रांत तिलाच मिळकत पत्रिका म्हणतात. २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेखालीं गांवठाणांची मोजणी आकाशांतून ड्रोन यंत्रानें होऊं लागली. मोजणीच्या दिवशीं ज्यानें हद्द दाखविली नाहीं त्याची सांदवाडी शेजाऱ्याच्या वा सरकारच्या रेषेंत जाण्याचा संभव असतो. ड्रोन छप्पर व कुंपण पाहतो, पणज्याचा हक्क पाहत नाहीं. तो कागदानेंच दाखवावा लागतो. म्हणून चौकशी चालू असतांच हरकत व पुरावा देणें अगत्याचें आहे.

७. संग्राहकांचें कर्तव्य

आतां ह्या लेखाचा मुख्य हेतु. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यांतून पुढें आला तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरें मानतां येतें. साक्षीदार मेले असल्यास तेवढाच आधार उरतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमांतहि राहिला आहे. त्यांतील कळीचे शब्द ‘योग्य ताबा’ हे होत. घराण्याचा कागद घराण्याच्या पेटींतून निघाला तर तो योग्य ताबा. तोच कागद रद्दीवाल्याकडून, लिलावांतून किंवा अज्ञात रुमालांतून निघाला, तर त्याचा वंश सांगतां आला पाहिजे. नाहीं तर गृहीतकाचा लाभ जातो.

आपण मोडी रुमाल सोडवितों तेव्हां आपली नजर सनदा, निवाडे, थोरांचीं पत्रें यांवर असते. मालगुजाराच्या पांच रुपयांच्या पावत्या, वाडीच्या कुंपणाची चिठ्ठी, वांटणीची यादी हे कागद आपण बाजूस सारतों किंवा नमुना म्हणून एखादा उचलून नेतों. आपल्या दृष्टीनें तो हस्ताक्षराचा नमुना असतो; ज्या घरांतून तो आला त्या घराची १९३६-३७ ते १९४७-४८ या बारा वर्षांतील एकुलती एक साक्ष तोच असूं शकतो. तो गेला म्हणजे लिखित गेलें; वृद्ध मंडळी गेल्यावर साक्षी गेले; आणि उरलेली भुक्ति एकटी, मूक.

म्हणून पुढील शिस्त सर्वांनीं पाळावी अशी विनंति आहे. १९०० नंतरचे घर, वाडी, विहीर, झाड, हद्द यांविषयींचे कागद मूळ स्वरूपांत घरींच राहूं द्यावे. आपण छायाचित्र घ्यावें. मूळ नेणें अपरिहार्य असेल तर कोणत्या घरून, कोणत्या पेटींतून, कोणत्या दिवशीं व कोणाच्या संमतीनें नेलें याचें टिपण दोन प्रतींत करून एक प्रत घरीं ठेवावी. रुमालांतील कागदांचा क्रम मोडूं नये, कारण शेजारचा कागद हा त्या कागदाचा साक्षी असतो. मोडी लेखाचें बालबोध लिप्यंतर घरधन्यास करून द्यावें. आपल्याकडील कागदांत काय लिहिलें आहे हें पुष्कळांस ठाऊकच नसतें. आणि ज्यांच्या संग्रहांत असे कागद पूर्वींच आले आहेत त्यांनीं गांववार यादी करून ती मागणारास दाखवावी.

इतिहासाचें साधन म्हणून ज्या कागदास आपण जपतों तो कागद अद्यापि आपलें मूळ काम संपवून बसलेला नाहीं. मूलकडील आबादींत तो आजहि एखाद्या कुटुंबाची विहीर आणि चिंच राखूं शकतो. तें काम त्यास करूं देणें, हेंहि संशोधनाचेंच अंग होय. इत्यलम्.